इशारा छोटा, काम मोठे : ट्रान्झिस्टरचा स्विच म्हणून वापर

विहिरीवरचा पंप घरबसल्या मोबाइलवरून चालू-बंद करणारी पेटी आता पुष्कळ शेतकऱ्यांच्या ओळखीची झाली आहे. ५ अश्वशक्तीचा थ्री फेज पंप चालताना प्रत्येक फेजमधून साधारण ७ ते ८ अँपिअर प्रवाह घेतो. सुरू होण्याच्या क्षणी तर त्याच्या कित्येक पट. उलट, 'पंप चालू कर' असे ठरवणाऱ्या पेटीतल्या चिपच्या एका पायातून आपण ४-५ मिलिअँपिअरच घेतो. हा प्रवाह पंपाच्या प्रवाहाचा सुमारे दोन हजारावा हिस्सा झाला. मग एवढ्याशा प्रवाहाने एवढा मोठा पंप चालतो कसा?

हा प्रश्न आता शाळेतही येऊन पोचला आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनमधून अनेक शाळांना टिंकरिंग लॅब मिळाल्या आणि सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती आर्डुइनोसारखे बोर्ड आले. मुले प्रोग्रॅम लिहितात, एलईडी लुकलुकतो, सगळे खूश होतात. मग एखादी मुलगी एलईडी काढून तिथे छोटी मोटार जोडते, कारण तिला कुंडीला आपोआप पाणी घालायचे असते. मोटार हलत नाही, किंवा बोर्ड कायमचा मुका होतो. एक-दोन बोर्ड असे गेले की 'मुले वस्तू बिघडवतात' असा शेरा बसतो आणि कपाटाला कुलूप लागते. खरे तर तिथे अर्ध्या तासाच्या स्पष्टीकरणाची उणीव असते. ते स्पष्टीकरण या लेखात क्रमाने मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. त्यासाठी नववी-दहावीतला ओहमचा नियम पुरेसा आहे.

प्रवाह किती, हे कोण ठरवते?

'पिन २० मिलिअँपिअर देते' असे ऐकले की मुलांची एक समजूत होते : नळाला जेवढे पाणी आहे तेवढेच येईल, त्याहून जास्त मागितले तरी येणार नाही. इथेच घोटाळा होतो. चालू अवस्थेतली पिन ५ व्होल्टचे विभवांतर पुरवते. त्या विभवांतराला किती प्रवाह वाहणार, हे पिनला जोडलेली वस्तू ठरवते. या वस्तूला आपण 'भार' म्हणू. मग तो एलईडी असो, रिले असो की मोटार.

तीन उदाहरणे घेऊ. लाल एलईडी ३३० ओहमच्या रोधकातून जोडला, तर एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात. उरलेले ३ व्होल्ट भागिले ३३० ओहम, म्हणजे ९ मिलिअँपिअर. ५ व्होल्टच्या लहान रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ७० ओहम असतो. तिला ७१ मिलिअँपिअर लागतात. खेळण्यातल्या मोटारीच्या गुंडाळीचा रोध ५ ओहम धरला, तर सुरू होण्याच्या क्षणी ती १ अँपिअर मागते. (मोटार फिरू लागल्यावर तिच्यात उलट दिशेचे विभवांतर निर्माण होते आणि प्रवाह कमी होतो. ती हाताने अडवली की प्रवाह पुन्हा वाढतो.)

आता पिनची बाजू पाहू. आर्डुइनो उनोवरच्या एटमेगा ३२८पी या चिपच्या माहितीपत्रकात एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर दिली आहे. ही वापराची मर्यादा नव्हे. तिच्यापुढे गेल्यास चिपला इजा होऊ शकते. २० मिलिअँपिअरच्या आत राहावे हे उत्तम. शिवाय चिपच्या पुरवठ्याच्या पायांतून मिळून २०० मिलिअँपिअरच जाऊ शकतात, म्हणजे सगळ्या पिना एकदम राबवता येत नाहीत.

रिले थेट पिनला जोडला तर? पिनच्या आतही थोडा रोध असतो. प्रवाह वाढतो तसे तिच्यावरचे विभवांतर ५ वरून खाली घसरते. रिले कधी ओढला जातो, कधी नुसता थरथरतो. ओढला गेला तर 'चालतंय की!' म्हणून मुले पुढे जातात आणि आत चिप तापत राहते. तेव्हा एखादी जोडणी चालली म्हणजे ती बरोबर आहे असे धरू नये. मागणी किती आणि मर्यादा किती, हे आधी कागदावर ताडून पाहण्याची सवय मुलांना लावायला हवी.

तारायंत्रातली जुनी युक्ती

ही अडचण नवी नाही. एकोणिसाव्या शतकात तारायंत्राच्या लांबच लांब तारांतून जाताना प्रवाह इतका क्षीण होई की पलीकडचे यंत्र त्याने वाजत नसे. त्यावरचा उपाय अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास दाखवला. दुरून आलेल्या क्षीण प्रवाहाने एक विद्युतचुंबक चालवायचा. त्या चुंबकाने लोखंडाची हलकी पट्टी ओढायची. पट्टी ओढली गेली की जवळ ठेवलेल्या दुसऱ्या, ताज्या बॅटरीचा परिपथ पूर्ण होतो. या साधनाला 'रिले' हे नाव मिळाले. लांबच्या प्रवासात दमलेल्या घोड्यांच्या जागी टप्प्यावर ताजे घोडे जोडत, त्यांना इंग्रजीत हाच शब्द होता.

या युक्तीतला मुद्दा नीट लक्षात घ्यावा. आलेला प्रवाह मोठा होत नाही. तो फक्त इशारा देतो; काम करणारी ऊर्जा दुसऱ्या बॅटरीतून येते.

ट्रान्झिस्टरही हेच करतो, फक्त त्यात हलणारी पट्टी नसते. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. विल्यम शॉक्ली यांच्यासह त्यांना १९५६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ट्रान्झिस्टर काय करतो?

एनपीएन ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात : बेस, कलेक्टर आणि एमिटर. बेसमधून एमिटरकडे थोडा प्रवाह सोडला की कलेक्टरपासून एमिटरपर्यंतची वाट उघडते. बेसचा प्रवाह थांबला की ती बंद होते. पाटाच्या दाराशी उभा असलेला माणूस दार वर उचलतो तेव्हा पाटात जे पाणी वाहते ते धरणातले असते. माणसाची ताकद दार उचलण्यापुरती लागते. धरण कोरडे असेल तर दार कितीही उचलले तरी पाणी येणार नाही.

म्हणून 'ट्रान्झिस्टर प्रवाह वाढवतो' असे शिकवताना एक वाक्य जोडावे : वाढलेला प्रवाह भाराच्या पुरवठ्यातून येतो. हे नीट समजले की मोटारीला वेगळा पुरवठा का लागतो, हे मुलांना आपोआप कळते. संगणकाच्या साध्या यूएसबी खाचेतून मिळणारे ५०० मिलिअँपिअर १ अँपिअर मागणाऱ्या मोटारीला पुरत नाहीत. मोटार सुरू होताच पुरवठा कोलमडतो आणि बोर्डावरचा प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अशा वेळी मुले प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात.

बेसचा रोधक किती घ्यावा?

बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर स्वस्त आणि सहज मिळणारा आहे. तो १०० मिलिअँपिअरपर्यंतचा भार चालवतो, तेव्हा आपल्या ७१ मिलिअँपिअरच्या रिलेला योग्य.

कलेक्टरचा प्रवाह बेसच्या प्रवाहाच्या किती पट असू शकतो, त्या आकड्याला वर्धनांक म्हणतात. बीसी ५४७ च्या माहितीपत्रकात तो ११० ते ८०० असा दिलेला असतो. एकाच दुकानातून, एकाच डब्यातून घेतलेल्या दोन ट्रान्झिस्टरांत एवढा फरक असू शकतो! म्हणून स्विच म्हणून वापरताना वर्धनांकावर विसंबायचे नसते. भाराच्या प्रवाहाचा साधारण विसावा ते दहावा हिस्सा बेसला द्यावा, म्हणजे कोणताही नग वापरला तरी वाट पूर्ण उघडते. या पूर्ण उघड्या अवस्थेला 'संपृक्त' अवस्था म्हणतात.

हिशेब असा :
भाराचा प्रवाह ७१ मिलिअँपिअर. त्याचा विसावा हिस्सा सुमारे ३.६ मिलिअँपिअर.
बेस आणि एमिटर यांच्यात सुमारे ०.७ व्होल्ट पडतात. रोधकावर उरले ५ – ०.७ = ४.३ व्होल्ट.
१ किलोओहमचा रोधक घेतला तर बेसचा प्रवाह ४.३ मिलिअँपिअर. गरजेपेक्षा थोडा जास्त आणि पिनच्या मर्यादेच्या बराच आत.

बोर्डाची पिन ५ ऐवजी ३.३ व्होल्टची असेल, तर त्याच रोधकातून २.६ मिलिअँपिअरच जातील. मग ५६० ओहमचा रोधक घ्यावा, ४.६ मिलिअँपिअर मिळतात. रोधकच न लावता बेस थेट पिनला जोडणे मात्र कधीही चालणार नाही. बेस-एमिटर म्हणजे एक डायोडच आहे; प्रवाहाला आवर घालणारे तिथे काहीच उरत नाही.

अर्धवट उघडे दार : एक प्रयोग

बेसचा प्रवाह कमी पडला तर नुसता रिले ओढला जात नाही एवढेच होते का? हे तपासायला रिलेऐवजी १०० ओहमचा अर्ध्या वॉटचा रोधक भार म्हणून घ्यावा आणि पुरवठा ५ व्होल्टचा. बेसचा रोधक बदलत जाऊन कलेक्टर व एमिटर यांच्यातले विभवांतर मल्टिमीटरने मोजावे. भाराचा प्रवाह ओहमच्या नियमाने काढता येतो. विभवांतर गुणिले प्रवाह म्हणजे ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता होणारी शक्ती. वर्धनांक २०० धरून केलेला हिशेब असा येतो :

१०० किलोओहम : प्रवाह ९ मिलिअँपिअर, विभवांतर ४.१ व्होल्ट, उष्णता ३६ मिलिवॉट
३३ किलोओहम : प्रवाह २६ मिलिअँपिअर, विभवांतर २.४ व्होल्ट, उष्णता ६२ मिलिवॉट
१० किलोओहम : प्रवाह ४८ मिलिअँपिअर, विभवांतर ०.२ व्होल्ट, उष्णता १० मिलिवॉट
१ किलोओहम : प्रवाह ४९ मिलिअँपिअर, विभवांतर ०.१ व्होल्ट, उष्णता ५ मिलिवॉट

वर्गात मोजलेले आकडे यापेक्षा वेगळे येतील, कारण प्रत्येक गटाच्या ट्रान्झिस्टरचा वर्धनांक वेगळा. पण कल हाच दिसेल. पहिल्या ओळींत गटागटांत मोठा फरक पडेल आणि शेवटच्या ओळीत सगळे गट जवळपास एकाच उत्तरावर येतील. भरपूर बेसप्रवाह देण्याचे कारण मुलांना इथे स्वतःच्या वहीत दिसते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. ट्रान्झिस्टर पूर्ण बंद असताना प्रवाह शून्य, म्हणून उष्णता शून्य. पूर्ण उघडा असताना विभवांतर अगदी कमी, म्हणून उष्णता कमी. सर्वांत जास्त तापतो तो मध्ये, अर्धवट उघडा असताना. गणिताच्या शिक्षकांनी इथे हात लावावा. पुरवठा V, भाराचा रोध R आणि ट्रान्झिस्टरवरचे विभवांतर x धरले, तर उष्णता x(V – x)/R. ज्या दोन संख्यांची बेरीज ठरलेली आहे त्यांचा गुणाकार त्या समान असताना सर्वांत मोठा असतो. म्हणून x बरोबर V च्या निम्मे असताना उष्णता सर्वाधिक, आणि ती भाराच्या पूर्ण शक्तीच्या बरोबर एक चतुर्थांश. वरच्या भाराची पूर्ण शक्ती २५० मिलिवॉट, तिचा चौथा हिस्सा ६२.५, दुसऱ्या ओळीत आपण नेमके तिथे पोचलो आहोत.

६२ मिलिवॉटने बीसी ५४७ चे काही बिघडत नाही. पण १२ व्होल्टवर १ अँपिअर घेणारा तापक असता, तर अर्धवट उघड्या ट्रान्झिस्टरमध्ये ३ वॉट उष्णता झाली असती. उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी नसेल, तर लहान ट्रान्झिस्टर त्यात काही क्षणांत जळतो.

जोडणी

१. रिलेच्या कॉइलचे एक टोक पुरवठ्याच्या धन टोकाला, दुसरे कलेक्टरला जोडावे.
२. एमिटर पुरवठ्याच्या ऋण टोकाला जोडावा.
३. बोर्डाची पिन १ किलोओहमच्या रोधकातून बेसला जोडावी.
४. बोर्डाचे ऋण टोक (ज्यावर 'ग्राउंड' लिहिलेले असते) आणि भाराच्या पुरवठ्याचे ऋण टोक एकमेकांना जोडावे.

वर्गात सर्वांत जास्त वेळा चुकते ती चौथी पायरी. बेसचा प्रवाह पिनमधून निघून एमिटरमार्गे बोर्डाकडे परत यायला हवा. परतीची वाटच नसेल तर परिपथ पूर्ण होत नाही.

भार एमिटरच्या बाजूला जोडणे हीसुद्धा नेहमी होणारी चूक आहे. एमिटर हा बेसच्या ०.७ व्होल्ट खालीच राहतो. पिन ५ व्होल्टची असेल तर तिथल्या भाराला ४.३ व्होल्टच मिळतात, पुरवठा १२ व्होल्टचा असला तरी. मग १२ व्होल्टची मोटार मंद फिरते आणि ट्रान्झिस्टर तापतो.

पायांचा क्रमही तपासावा. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. दुसऱ्या क्रमांकाच्या ट्रान्झिस्टरमध्ये तो वेगळा असू शकतो.

बंद करतानाचा धक्का

आतापर्यंत चालू करण्याचा विचार केला. रिले आणि मोटार यांच्यात तारेच्या गुंडाळ्या असतात आणि गुंडाळी आपल्यातला प्रवाह एकाएकी थांबू देत नाही. प्रवाह तोडला की तो तसाच चालू ठेवण्यासाठी तिच्यात विभवांतर प्रवर्तित होते. प्रवाह जितका झटकन तुटेल तितके ते मोठे. कॉइलचे स्वयंप्रवर्तन ०.१ हेन्री धरले आणि ७१ मिलिअँपिअर १० मायक्रोसेकंदांत शून्यावर आले, तर हिशेबाने ७१० व्होल्ट येतात. बीसी ५४७ ची सहनशक्ती ४५ व्होल्टची. ७१० पर्यंत जाण्याआधीच त्याचा बांध फुटतो. असा ट्रान्झिस्टर पहिल्या दिवशी चालतो आणि प्रदर्शनाच्या दिवशी दगा देतो.

हे डोळ्यांनी पाहता येते. लाइन टेस्टरमधला निऑनचा दिवा काढून रिलेच्या कॉइलच्या दोन टोकांना जोडावा. त्याच टोकांना ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावून काढावी. निऑन पेटायला ६० व्होल्टपेक्षा जास्त लागतात, त्यामुळे बॅटरी लावताना तो पेटत नाही. काढताना मात्र लखकन चमकतो. खोलीत थोडा अंधार करावा. कॉइलची उघडी टोके बोटांत धरू नयेत, झटका बसतो.

उपाय एका डायोडचा. १एन ४००७ हा डायोड कॉइलला समांतर जोडायचा, त्याच्यावरचा पांढरा पट्टा धन टोकाकडे. एरवी तो उलटा असल्याने प्रवाह जाऊ देत नाही. ट्रान्झिस्टर बंद झाला की कॉइलमधला प्रवाह डायोडमधून कॉइलमध्येच फिरतो आणि विरून जातो. निऑनच्या प्रयोगात हा डायोड जोडून बॅटरी पुन्हा लावून काढावी (धन टोक पट्ट्याकडेच). दिवा चमकत नाही.

भार वाढला तर

बीसी ५४७ ची मर्यादा ओलांडली की पुढचे पर्याय आहेत. एका ट्रान्झिस्टरचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला जोडला की दोघांच्या वर्धनांकांचा गुणाकार होतो. ही जोडी सिडनी डार्लिंग्टन यांच्या नावाने ओळखली जाते. तिचे पेटंट त्यांना १९५३ मध्ये मिळाले. टिप १२२ हा तयार डार्लिंग्टन ट्रान्झिस्टर ५ अँपिअरपर्यंतचा आहे. यूएलएन २००३ या चिपमध्ये अशा सात जोड्या, बेसचे रोधक आणि डायोड, सगळे आतच असते. एकेक जोडी ५०० मिलिअँपिअरपर्यंत चालते, म्हणून अनेक रिले चालवताना ती सोयीची. पण डार्लिंग्टनवर पूर्ण उघड्या अवस्थेतही सुमारे १ व्होल्ट पडतो. १ अँपिअरच्या मोटारीसाठी म्हणजे १ वॉट उष्णता.

इथे मॉसफेट सरस ठरतो. त्याच्या गेटला सतत प्रवाह लागत नाही, फक्त विभवांतर लागते. आयआरएलझेड ४४एन हा मॉसफेट गेटवर ५ व्होल्ट मिळाले की पूर्ण उघडतो. तेव्हा त्याचा रोध ०.०२५ ओहम असतो. १ अँपिअरला उष्णता फक्त २५ मिलिवॉट. दुकानात मागताना नावातल्या 'एल' या अक्षराकडे लक्ष द्यावे. आयआरएफझेड ४४एन हा त्याचा भाऊ गेटवर १० व्होल्टच्या हिशेबाने बनवलेला आहे. ५ व्होल्टवर तो मोठ्या प्रवाहाला अर्धवटच उघडतो. त्याचे परिणाम आपण वर पाहिले. गेट आणि ऋण टोक यांच्यात १० किलोओहमचा रोधकही लावावा, म्हणजे बोर्ड सुरू होताना पिन अधांतरी असली तरी मोटार स्वतःहून फिरणार नाही.

आता विहिरीवरच्या पेटीचे कोडे सुटते. चिपचे ४-५ मिलिअँपिअर ट्रान्झिस्टर उघडतात. ट्रान्झिस्टर रिलेच्या कॉइलला प्रवाह देतो. रिले स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज देतो. कॉन्टॅक्टर पंपाचे तिन्ही फेज जोडतो. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला फक्त इशारा देते आणि प्रत्येक ठिकाणी काम करणारी ऊर्जा त्या पायरीच्या स्वतःच्या पुरवठ्यातून येते.

एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. रिलेवर '१० अँपिअर, २५० व्होल्ट' असे छापलेले असले तरी शाळेत मुलांनी २३० व्होल्टची जोडणी करू नये. ५ किंवा १२ व्होल्टचा छोटा पंप आणि दिवा यांवर हे सगळे शिकता येते.

विद्यार्थ्यांना विचारून पाहा

१. १२ व्होल्टच्या रिलेच्या कॉइलचा रोध ४०० ओहम आहे. पिन ५ व्होल्टची असल्यास बेसचा रोधक जास्तीत जास्त किती चालेल? बेसला भाराच्या विसाव्या हिश्शाएवढा प्रवाह हवा असे धरा.
२. पहिल्या प्रश्नातली कॉइल ३० मिलिअँपिअरच घेते, म्हणजे ४० च्या आत. तरीही ती थेट पिनला जोडून का चालणार नाही?
३. डायोड उलट्या बाजूने जोडला, तर ट्रान्झिस्टर उघडताच काय होईल?
४. जोडणी बरोबर आहे, पण मोटार सुरू होताच बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. प्रोग्रॅमला हात लावण्याआधी कुठे आणि काय मोजाल?